गाठीचा तुकडा: बाटलीपासून रिपोर्टपर्यंत

हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याच्या खोलीत बाटली पोचते तेव्हा त्या तुकड्यातून उत्तर मिळेल की नाही, हे बरेचसे आधीच ठरून गेलेले असते. गाठ शरीरातून सुटली की तिचा रक्तपुरवठा तुटतो, पण पेशी त्या क्षणी मरत नाहीत. प्राणवायू संपत जातो, पेशीच्या आतल्या लायसोसोम नावाच्या पिशव्या फुटतात आणि त्यांतली पाचक द्रव्ये त्याच पेशीला पचवू लागतात. गोव्याच्या मे महिन्यात हे काम फार भराभर होते. त्यामुळे कर्करोगाच्या तपासणीतला पहिला तास थिएटरमधल्या नर्सच्या आणि वॉर्डबॉयच्या हातात असतो, पॅथॉलॉजीतल्या आम्हा मंडळींच्या नाही. नमुना हाती आल्यावर आम्ही त्याचे काय करतो, आणि ते करता करता कर्करोग म्हणजे पेशीत नेमके काय बिघडते ते कसे दिसत जाते, हे इथे सांगायचे आहे. उदाहरण मुख्यतः स्तनाच्या गाठीचे घेतले आहे.

पेशी आहे त्या स्थितीत थांबवण्यासाठी लागते १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन. बाजारात मिळणारे दाट फॉर्मलिन १०० मिलि, पाणी ९०० मिलि, त्यात सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. हे दोन क्षार चुकवून नुसते पाणी घातले तरी तुकडा टिकतो, पण द्राव हळूहळू आम्लधर्मी होतो आणि रक्त असलेल्या ऊतीत काळपट तपकिरी कण साचतात. स्लाइड वाचताना ते कण डोळ्यांत खुपतात. फॉर्मलिन तुकड्याच्या किमान दहापट हवे आणि बाटली रुंद तोंडाची हवी. अरुंद तोंडाच्या बाटलीत ताजी, मऊ गाठ दाबून घालता येते. पण फॉर्मलिनमध्ये घट्ट झाल्यावर ती बाहेर निघत नाही आणि मग बाटली कापावी लागते.

फॉर्मलिन ऊतीत ताशी साधारण एक मिलिमीटर शिरते, आत जाता जाता तो वेगही मंदावतो. अख्खा स्तन न कापता बादलीत बुडवला तर कडा पक्क्या होतात आणि मधली गाठ, म्हणजे जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती सडत राहते. म्हणून सर्जनने कडांच्या खुणेचे दोरे घातल्यावर मागच्या बाजूने गाठीपर्यंत एक-दोन काप द्यावेत, किंवा नमुना लगेच आमच्याकडे पाठवावा. गाठ निघाल्यापासून फॉर्मलिनमध्ये पडेपर्यंत एका तासाच्या आत, आणि फॉर्मलिनमध्ये किमान ६ व जास्तीत जास्त ७२ तास, हा स्तनाच्या नमुन्याचा नियम. सुईने काढलेल्या तुकड्यालाही हेच लागू. तो काडीएवढा बारीक असतो म्हणून दोन तासांत काम उरकता येईल, असे वाटते खरे. फॉर्मलिन आत लवकर पोचते; पण प्रथिनांना एकमेकांशी बांधण्याची तिची रासायनिक क्रिया सावकाश चालते, आणि ती अर्धवट राहिली की पुढची हार्मोनची तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

सलाइनमध्ये घालून पाठवलेले तुकडे अजूनही येतात. कोणा छोट्या नर्सिंग होममध्ये फॉर्मलिन संपलेले असते, कोणाला वाटते की सलाइन म्हणजे स्वच्छ पाणीच. सलाइन पेशीला थांबवत नाही. तुकडा फ्रीझरमध्ये ठेवणे त्याहून वाईट, कारण बर्फाचे स्फटिक पेशी आतून फोडतात. फॉर्मलिनमध्ये बुडवून, झाकण घट्ट लावून, बाटली पिशवीत उभी धरून काणकोणहून बसने आणली तरी काही बिघडत नाही.

बाटलीसोबतच्या कागदावर नाव आणि वय असते. उजवी की डावी बाजू, गाठ काढल्याची वेळ, आधी केमो झाली आहे का, या तीन गोष्टी हमखास राहून जातात. केमोनंतरच्या पेशी फुगलेल्या, विचित्र आकाराच्या दिसतात. माहिती नसेल तर वाचणारा चकतो.

काउंटरवर नेहमी ऐकू येते, “डॉक्टर, सुई लावली की पसरता म्हणतात, खरे काय?” स्तनाच्या गाठीत सुईच्या वाटेवर थोड्या पेशी सांडू शकतात, पण त्याने आजाराचा निकाल बिघडतो असे आढळलेले नाही. पसरण्यासाठी पेशीला जे जमावे लागते ते सुईने शिकवता येत नाही. ते काय, हे पुढे येईलच. सुई न लावता ‘नुसती गाठ काढून टाका’ म्हणणाऱ्यांचे मात्र अनेकदा दुसरे ऑपरेशन होते, कारण पहिल्यात कडा किती सोडायच्या हे ठाऊकच नसते.

ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुना नुसत्या डोळ्यांनी पाहून कापण्याच्या टेबलावर पहिली तपासणी बोटांनी होते. साधी फायब्रोॲडेनोमाची गाठ बोटाखालून निसटते, कापली की गुळगुळीत फुगून वर येते, तिला स्वतःची सीमा असते. कर्करोगाची गाठ बहुधा दगडासारखी कडक लागते, तिच्या कडा आजूबाजूच्या चरबीत घुसलेल्या असतात, आणि सुरी फिरवताना कच्चा पेरू कापावा तशी करकर जाणवते. हा कडकपणा कर्करोगाच्या पेशींचा नसतो. त्या पेशी आजूबाजूच्या फायब्रोब्लास्ट पेशींना रासायनिक संदेश पाठवतात आणि त्या साध्या, निरोगी पेशी जखम भरायची असल्यासारखा कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचा थर घालत सुटतात. गाठीतला मोठा भाग अनेकदा या कोलॅजनचाच असतो. शरीराची दुरुस्तीची यंत्रणा कर्करोग स्वतःसाठी राबवून घेतो. रक्तवाहिन्यांच्या बाबतीतही तेच. पेशींचा गोळा एक-दोन मिलिमीटरच्या पलीकडे गेला की नुसत्या झिरपणाऱ्या प्राणवायूवर भागत नाही. मग पेशी नव्या केशवाहिन्यांना बोलावणारी द्रव्ये सोडतात. त्या वाहिन्या घाईत बांधलेल्या, वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, म्हणून मोठ्या गाठीच्या मध्यभागी पिवळट मेलेला भाग सापडतो. तो भाग कॅसेटमध्ये, म्हणजे तपासायचा तुकडा ठेवण्याच्या छोट्या जाळीदार डबीत, भरून काही उपयोग नाही. जिवंत ऊती गाठीच्या कडेला मिळते.

कापण्याआधी नमुन्याच्या बाहेरच्या पृष्ठभागाला शाई लावतो, प्रत्येक बाजूला वेगळा रंग. सूक्ष्मदर्शकाखाली रंगीत रेघ दिसली की ती सर्जनच्या सुरीची जागा. घुसखोर कर्करोगाची पेशी त्या रेघेवर नसली म्हणजे कड मोकळी. शाई लावून टिपली नाही, तर ती कापाच्या आत झिरपते आणि मग कड कोणती हे कोणालाच सांगता येत नाही.

काखेतल्या चरबीतून लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) शोधणे हे कंटाळवाणे आणि महत्त्वाचे काम आहे. चरबी चिमटीत चुरडत जायचे. तांदळाच्या दाण्याएवढे जे काही घट्ट लागेल ते बाजूला काढायचे. पूर्ण काख साफ केलेल्या नमुन्यात निदान दहा तरी ग्रंथी मिळाव्यात अशी अपेक्षा असते. प्रत्येक ग्रंथी दोन मिलिमीटरच्या कापांत चिरायची. यामागे हिशेब आहे: कर्करोगाच्या पेशींचा २ मिलिमीटरपेक्षा मोठा साठा हा मोठा प्रसार, ०.२ ते २ मिलिमीटर हा सूक्ष्म प्रसार, त्याहून लहान म्हणजे सुट्या पेशी. काप जाड ठेवला तर मोठा साठाही दोन कापांच्या मधे लपून राहू शकतो.

कॅसेटमध्ये तुकडा तीन-चार मिलिमीटरपेक्षा जाड घालायचा नाही. संध्याकाळी कॅसेट यंत्रात जातात: ७० टक्के अल्कोहोल, मग ९०, मग तीनदा शुद्ध अल्कोहोल, दोनदा झायलीन, शेवटी ५८ अंशांच्या आसपास वितळलेले मेण. रात्रभराचे, बारा ते चौदा तासांचे काम. पाणी काढायचे, पाण्याच्या जागी अल्कोहोल, अल्कोहोलच्या जागी झायलीन, झायलीनच्या जागी मेण. एक पायरी अपुरी राहिली की पुढची सगळी कोलमडते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर ही पायऱ्यांची परीक्षा असते. हवेतला ओलावा शुद्ध अल्कोहोल पिऊन घेते, ते शुद्ध राहत नाही, आणि पाणी पुढे झायलीनमध्ये उतरून झायलीन दुधाळ दिसू लागते. तसे दिसले की त्या दिवशीचे ब्लॉक मधोमध मऊ निघणार हे समजून चालावे. म्हणून पावसाळ्यात अल्कोहोल ठरल्यापेक्षा लवकर बदलतो, बरण्या उघड्या ठेवत नाही. वीज गेली आणि यंत्राला बॅकअप नसला तर तुकडे रात्रभर झायलीनमध्ये पडून ठिसूळ होतात. अशा तुकड्यांचा चुरा होतो.

सकाळी तुकडा साच्यात बसवून मेणाचा ब्लॉक करायचा. इथे दिशेला महत्त्व आहे. तोंडातल्या किंवा त्वचेच्या तुकड्याची कड उभी राहिली पाहिजे, म्हणजे वरचा थर, खालचा थर आणि त्यांमधली सीमा एकाच कापात दिसते. तुकडा आडवा पडला तर पेशींची नुसती बेटे दिसतात आणि घुसखोरी आहे की नाही हे ठरवता येत नाही.

मायक्रोटोम या पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर काप घेतो तीन ते चार मायक्रॉनचा, म्हणजे पेशीच्या केंद्रकापेक्षाही पातळ. ब्लॉक आधी बर्फावर ठेवायचा. खोलीचा एसी बंद असेल तर मेण मऊ पडते आणि रिबन, म्हणजे सलग कापांची पट्टी, सुरकुतते. गाठीत कॅल्शियमचा कण असला तर पाते खरवडते आणि प्रत्येक कापावर उभी रेघ उमटते. रिबन ४५ अंशांच्या आसपासच्या पाण्यावर पसरवून स्लाइडवर उचलायची. हे पाणी प्रत्येक ब्लॉकनंतर टिशूपेपरने साफ करायचे, ही आमच्या कामातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळा टाळली जाणारी काळजी. आधीच्या रुग्णाच्या गाठीचा कण पाण्यावर तरंगत राहून दुसऱ्याच्या स्लाइडवर चिकटला, तर निरोगी माणसाच्या रिपोर्टमध्ये कर्करोग येऊ शकतो.

मग रंग. मेण झायलीनने काढायचे, उतरत्या अल्कोहोलने पाण्यावर यायचे, हिमॅटॉक्सिलीन पाच ते आठ मिनिटे, धुणे, एक टक्का आम्लयुक्त अल्कोहोलची एक बुचकळी, मग केंद्रके निळी होईपर्यंत वाहते पाणी, आणि इओसिन एक-दोन मिनिटे. निळेपणासाठी पाणी किंचित अल्कधर्मी लागते. जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी आम्लधर्मी असेल, तर केंद्रके जांभळट लालच राहतात. तेव्हा पाण्यात अमोनियाचे काही थेंब घालून काम होते. हिमॅटॉक्सिलीन केंद्रकातल्या डीएनएला धरते, इओसिन बाहेरच्या प्रथिनांना. त्यामुळे ज्या पेशीत डीएनए जास्त, तिचे केंद्रक जास्त गडद.

इथून पुढे जीवशास्त्र प्रत्यक्ष दिसू लागते. स्तनातल्या निरोगी दूधनलिकेला पेशींचे दोन थर असतात. आतला थर दूध तयार करणाऱ्या पेशींचा, बाहेरचा आकुंचन पावणाऱ्या मायोएपिथेलियल पेशींचा, आणि या दोहोंच्या खाली पायाचा पातळ पडदा. केंद्रके एकाच मापाची आणि विभागणारी पेशी क्वचित. पेशीला विभागायचे असेल तर बाहेरून वाढीचा संदेश यावा लागतो, शेजारी जागा असावी लागते, आणि डीएनएत मोडतोड नसावी लागते. १७ व्या गुणसूत्रावरच्या जनुकापासून बनणारे पी-५३ हे प्रथिन मोडतोड दिसली की विभाजन थांबवते. दुरुस्ती झाली तर पेशी पुढे जाते, नाही झाली तर पेशी स्वतःला संपवते.

कर्करोग एका रात्रीत होत नाही, कारण एवढी कुलपे एका वेळी तुटत नाहीत. एखाद्या जनुकात चूक होऊन वाढीचा संदेश कायम चालू राहतो. दुसऱ्या चुकीत रोखणाऱ्या जनुकाची एक प्रत जाते, आणखी वर्षांनी दुसरी. जनुकांच्या या दोन प्रतींचा सिद्धांत आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यांतल्या गाठींवरून मांडला. ज्या घरात बीआरसीए या अशाच रोखणाऱ्या जनुकाची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते तिथे एक पायरी आधीच चढलेली असते, म्हणून आजार तरुण वयात दिसतो. पण स्तनाच्या एकूण कर्करोगांत अशा आनुवंशिक रुग्णांचा वाटा साधारण ५ ते १० टक्केच आहे. बाकीच्यांत चुका आयुष्यभरात जमलेल्या असतात. ढोबळ हिशेबाने एका पेशीची तीस वेळा दुप्पट झाली की सुमारे एक अब्ज पेशी होतात आणि गाठ एक सेंटिमीटरची. बोटाला लागलेली ‘नवी’ गाठ अशी बहुधा जुनीच असते.

स्लाइडवर पहिला प्रश्न असतो, पेशी नलिकेच्या आत आहेत की बाहेर पडल्या. नलिका बिघडलेल्या पेशींनी ठासून भरलेली असली तरी बाहेरचा थर आणि पडदा शाबूत असेल, तर तो जागच्या जागी असलेला कर्करोग. तिथे लसिकावाहिन्याही नसतात आणि रक्तवाहिन्याही, त्यामुळे पसरण्याची वाट नाही. पडदा विरघळवणारी द्रव्ये सोडून पेशी बाहेर आल्या की तो घुसखोर कर्करोग. शंका असेल तेव्हा पी-६३ हा रंग लावतो. मायोएपिथेलियल पेशींची केंद्रके तपकिरी कडे करून उभी राहिली तर पेशी आतच आहेत. कडे नाहीसे झाले असेल तर बाहेर. पण बाहेर आलेली प्रत्येक पेशी दूर जाऊन रुजत नाही. शेजारणीला सोडणे, वाहिनीत शिरणे, रक्ताच्या प्रवाहात जिवंत राहणे, परक्या अवयवात पाय रोवणे आणि तिथे पुन्हा वाढणे, हे सगळे जमणारी पेशी हजारोंत एखादीच. सुईबद्दलचे उत्तर इथे आहे.

पेशींना एकमेकींशी जोडणारे ई-कॅडहेरिन ज्या गाठीत हरवते, त्या गाठीतल्या पेशी कोलॅजनमधून एकामागे एक रांगेने जातात. हा लोब्युलर प्रकार. त्यात नीट गोळा तयारच होत नाही, म्हणून बोटाला फक्त जाडसरपणा लागतो आणि मॅमोग्राफीतही तो निसटू शकतो.

यानंतर ग्रेड. तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण: पेशी अजून नलिका बनवतात का, केंद्रके किती बेडौल, आणि विभागणाऱ्या पेशी किती. बेरीज ३ ते ५ म्हणजे ग्रेड १, ६ किंवा ७ म्हणजे ग्रेड २, ८ किंवा ९ म्हणजे ग्रेड ३. विभाजन मोजताना गाठीची कड निवडतो, मोठ्या भिंगाखाली दहा क्षेत्रे, आणि आक्रसलेली मेलेली केंद्रके मोजायची नाहीत. फॉर्मलिनला उशीर झालेल्या गाठीत विभाजने कमी दिसतात आणि ग्रेड खोटाच खाली येतो. पहिल्या तासाची ही दुसरी किंमत. घरचे लोक ग्रेड ३ वाचतात आणि तिसरी स्टेज समजून हाय खातात. ग्रेड म्हणजे पेशी मूळ रूपापासून किती दूर गेली. स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठवर पोचला. एक सेंटिमीटरची, काख मोकळी असलेली गाठ ग्रेड ३ ची असू शकते आणि तरीही पहिल्या स्टेजची.

ई-आर (इस्ट्रोजेनचा ग्राहक, म्हणजे त्याचा संदेश पकडणारे प्रथिन), पी-आर (प्रोजेस्टेरॉनचा ग्राहक) आणि हर-टू या तपासण्यांना आणखी दोन-तीन दिवस लागतात. फॉर्मलिनने बांधलेली प्रथिने आधी बफरमध्ये उकळत्या तापमानाजवळ तापवून मोकळी करायची, मग प्रत्येक प्रथिनाचे खास प्रतिपिंड, मग तपकिरी रंग. इस्ट्रोजेनचा ग्राहक केंद्रकात असतो. एक टक्का केंद्रके रंगली तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह, फक्त १ ते १० टक्क्यांना ‘कमी पॉझिटिव्ह’ असे वेगळे लिहितात. गाठ निगेटिव्ह दिसली की आम्ही लगेच शेजारची निरोगी नलिका शोधतो. तिच्यातल्या काही पेशी तपकिरी असायलाच हव्यात. त्याही कोऱ्या असतील तर तपासणी फसली आहे, गाठ निगेटिव्ह नाही. हर-टू हा पेशीच्या आवरणावरचा वाढीचा ग्राहक. निरोगी पेशीत त्याच्या जनुकाच्या दोन प्रती. काही गाठींत त्या अनेक पटींनी वाढलेल्या असतात आणि आवरण ग्राहकांनी गच्च भरते. दहा टक्क्यांहून अधिक पेशींभोवती पूर्ण आणि गडद कडे म्हणजे ३ प्लस, ट्रॅस्टुझुमॅब या हर-टूविरुद्धच्या औषधाला योग्य. २ प्लस हे उत्तर नव्हे, तो प्रश्न आहे. जनुकाच्या प्रती मोजणारी फिश चाचणी केल्याशिवाय औषध सुरूही करू नये आणि नाकारूही नये.

तोंडातल्या तुकड्याचे थोडे वेगळे. मशेरी लावणाऱ्या बायकांत आणि तंबाखू-चुना गालात धरणाऱ्यांत तंबाखूतली नायट्रोसमाइन्स त्याच जागी वर्षानुवर्षे डीएनएला चिकटत राहतात. पूर्वी गोव्यात धूमटीचे, म्हणजे पानात वळलेल्या तंबाखूचे, पेटते टोक तोंडात धरून ओढत, त्यांच्या टाळूवर बदल दिसत. व्रणातून तुकडा घेताना मध्यभाग टाळावा, तिथे नुसता मेलेला थर मिळतो. कड घ्यावी, थोडी निरोगी कातडी धरून, आणि खोल. तोंडाच्या कर्करोगात पेशी किती मिलिमीटर खोल गेल्या यावरही स्टेज ठरते. ५ आणि १० हे टप्पे.

दुसऱ्या मतासाठी मुंबईच्या टाटा मेमोरियलला जायचे असेल, तर थिवी किंवा मडगावहून गाडीत बसण्याआधी रिपोर्टसोबत रंगवलेल्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही मागून घ्यावेत. नुसत्या स्लाइडवर नवी तपासणी करता येत नाही. ब्लॉक उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवू नयेत, मेण मऊ पडते. उरलेले ब्लॉक परत आणून जमा करावेत. आजार काही वर्षांनी हाडात किंवा यकृतात उलटला तर तिथला नवा तुकडाही घ्यावा लागतो, कारण मधल्या काळात पेशींत नव्या चुका जमलेल्या असतात. पूर्वी ई-आर पॉझिटिव्ह असलेली गाठ नव्या जागी निगेटिव्ह निघू शकते, आणि तेव्हा हे दोन ब्लॉक शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागतात. हाडाचा तुकडा असेल तर तो तीव्र आम्लात मऊ न करता ईडीटीए या सौम्य द्रावात करावा, वेळ जास्त लागला तरी. आम्लात डीएनए आणि ग्राहक दोन्ही नासतात आणि मग रंगवायला काही उरत नाही.